हैदरचा अर्ज

मला माझ्या अक्षराचा फार गर्व होता. डोणगावात कुणालाही सरकारदरबारी काही मागायचं असलं की तो माझ्याच ओसरीवर येई. इंग्रजांनी वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलं, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली ही गोष्ट. मी शाळेचा मास्तर, आणि टपालही माझ्याच गळ्यात. त्याचा वेगळा भत्ता मी असाच झकास अर्ज लिहून मिळवला होता.

मेहकरहून टपाल दोन हरकारे पायी पळत आणत. निवृत्ती अर्ध्या वाटेवरच्या लिंबापर्यंत धावे, तिथून थैली हैदर घेई. त्या साली निवृत्तीच्या पायाला नारू झाला. घोट्याजवळून दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय कायमचा जायचा. म्हणजे दोन-तीन महिने अंथरूण. बदली माणूस घेतला तर तो जागा सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"बदली घेऊ नका, मास्तर," हैदर म्हणाला. "त्याचा टप्पाबी मीच धावतो. त्याची जागा त्यालेच राहू द्या."

आणि धावला. सकाळी निघून संध्याकाळी परत, जाऊन-येऊन बारा कोस. महिन्याभरात त्याच्या गालांची हाडं वर आली. एके दिवशी थैली ठेवून तो तिथंच घुटमळला.

"मास्तर, निवृत्ती येईपर्यंत पगार वाढवून मागा न. दुप्पट धावतो त भूकही दुप्पट लागते. लेकराईच्या वाट्याची भाकर मीच खाऊन राह्यलो. घरवाली नूरबी काई म्हणत नाई, पन मले लाज वाटते."

"महिनाभर तोंड शिवलं होतं का रे?" मी खेकसलो. खरा राग माझा मलाच आला होता. रोज समोर दिसत असून मी विचारलं नव्हतं.

चांगली दोन पानं लिहिली. 'दोघांचं काम एकटा करूनही त्यास एक दिवसही उशीर झालेला नाही,' हे वाक्य तर मी त्याला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तो खूश झाला आणि मीही.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. हैदरनंच ते मेहकरहून पाठीवर वाहून आणलं. त्या दिवशी निवृत्तीही ओसरीवर येऊन बसला होता. नारू पुरता निघाला होता, जखम वाळली होती. सोमवारपासून येतो, हे सांगायला तो आला होता. घुंगरं बांधलेला सरकारी भाला त्यानं घासूनपुसून सोबत आणला होता.

"आता आराम कर बे, हैदर," तो हसला. "माह्या वाटेवरचे गोटे तुले वळखायले लागले असतील."

मी लिफाफा फोडला. एकच माणूस टपाल वेळेवर नेतो, हे अर्जावरूनच सिद्ध होत असल्यानं दुसऱ्या हरकाऱ्याची जागा कमी करण्यात येत आहे. संपूर्ण मार्ग यापुढे एकच टप्पा धरला जाईल, सबब पगारवाढीस कारण उरत नाही.

मी ते मनातच दोनदा वाचलं. मग दोघांना सांगितलं.

निवृत्तीनं हैदरला विचारलं, "तू अर्ज केला व्हता?"

"हाव. पन मले काय मालूम..."

"मले इचारलं असतं एक डाव." त्यानं भाला भिंतीला टेकवला आणि लंगडत निघून गेला.

हैदर माझ्याकडे वळला. "उद्यापासून उशीर करतो मी, मास्तर. लिंबाखाली बसून राह्यतो. दोन मानसं लागतात, हे कळू द्या त्यायले."

"उशीर केलास तर तुझंही नाव कापतील," मी म्हणालो. "मेहकरात तुझ्या जागेसाठी दहा जण टपून आहेत."

खरं तेच होतं. ते बोलताना मला माझी शिसारी आली. माझ्या अक्षरानं एकाची नोकरी गेली होती आणि दुसरा उपाशी धावणार होता. तरी माझा टपालाचा भत्ता त्यांच्यासाठी सोडायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घड्याळासमोर बसलो. त्याला उशीर व्हावा असं वाटत होतं, आणि होऊ नये असंही. पाचाचे ठोके पडत असतानाच वेशीकडून हैदरच्या भाल्याची घुंगरं ऐकू आली. त्यानं थैली ठेवली. मी वहीत लिहिलं, टपाल वेळेवर आलं.