सासूच्या गाडीतून

कोर्टानं कोरीनचं लायसन्स काढून घेतलं, तेव्हा तिला दारू सोडणाऱ्यांच्या सभेला न्यायला गाडी काढणारं वेल्बी गावात एकच माणूस निघालं: तिची सासू आर्डिस. मायेपोटी नव्हे. आर्डिसचा मुलगा ड्वेन तेलविहिरीवर कामावर असताना गेला, आणि त्यानंतर कोरीननं बाटली धरली ती सोडलीच नाही. शेवटी पिऊन गाडी चालवताना पकडली गेली. मागच्या सीटवर पाच वर्षांची टिली होती. टिली तेव्हापासून आजीकडे राहत होती. न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या, आई वसंत ऋतूपर्यंत दारूपासून लांब राहिली आणि सभांना गेली, तर पोरगी तिची तिला परत.

"मीच नेईन तिला," आर्डिसनं सांगून टाकलं. "घसरेल तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसेल."

पहिल्या संध्याकाळी चर्चच्या तळघराला कुलूप होतं. फोनवर तर सभा तिथंच भरते म्हणून सांगितलं होतं.

"दारुड्यांनाही तू नको झालीस वाटतं," आर्डिस म्हणाली.

"दुसरीकडे हलवली असेल. मी विचारून येते."

"तू बस. मी विचारते."

तिनं गाडी पेट्रोलपंपावर नेली, काच खाली केली आणि आणखी तीन माणसं ऐकत असताना पंपवाल्याला विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची सभा कुठं भरते हो? आमच्या सूनबाईंना जायचंय."

कोरीन समोर बघत बसली. पंपवाल्यानं टोपी मागे सरकवली.

"आगीचे बंब ठेवतात ना, त्याच्या मागे खोली आहे, तिथं," तो म्हणाला. त्याला कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही.

खोलीत घडीच्या खुर्च्या होत्या आणि करपलेल्या कॉफीचा वास होता. हार्लन नावाचा म्हातारा ट्रकवाला सभा चालवत होता. कोरीनची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी कोरीन. मी दारुडी आहे. सासू बाहेर गाडीत बसून माझ्या पडण्याची वाट बघतेय. आणि खरं सांगू? तुम्ही लोकही मला आवडलेले नाहीत."

"आवडायची अट नाही," हार्लन म्हणाला. "गुरुवारी परत ये."

ती परत गेली. हिवाळाभर जात राहिली. प्रत्येक वेळी गाडीत बसली की आर्डिस तिच्याकडे वाकून म्हणायची, "तोंड उघड." वास घेतल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. आधी कोरीन मुकाट तोंड उघडायची. पुढे पुढे म्हणायला लागली, "घ्या. आज कांदा खाल्लाय." दोघींपैकी कुणीही हसायचं नाही. परतीच्या वाटेवर आर्डिस विचारायची, "आज कुणाकुणाला माझी गाऱ्हाणी सांगितलीस?" आणि कोरीन म्हणायची, "सगळ्यांना."

कोर्टाची तारीख जवळ आली तशी आर्डिसची जीभ थंडावली. मग एका संध्याकाळी तिनं बंबांकडे वळायच्या ऐवजी गाडी बारसमोर उभी केली.

"आज ड्वेनचा वाढदिवस," ती म्हणाली. आवाज मऊ होता. लग्नापासून कोरीननं तो आवाज फक्त टिलीशी बोलताना ऐकला होता. "त्याच्या नावानं एक घे. एकच. मी कुणाला सांगणार नाही, पोरी."

'पोरी' ऐकून कोरीननं सीटचा पट्टा सोडला. बारचं दार उघडलं, आतून ऊब आणि बिअरचा वास आला. ती खाली उतरली. खोटं कशाला सांगा, तिला प्यायचं होतं. दारापर्यंत जाऊन तिनं सहज मागे बघितलं, तर आर्डिसनं फोन काढून तिच्यावर रोखला होता.

कोरीन परत आली आणि काचेशी वाकली. "बारची पाटी नीट येऊ द्या फोटोत," ती म्हणाली, आणि बर्फाळ वाऱ्यात चालायला लागली.

गाडी तिच्या बाजूनं रांगत राहिली. "चाललीस कुठं? मोठी सती-सावित्री लागून गेलीस? ड्वेन गेला. आता टिलीलाही नेशील. मग माझ्याजवळ काय उरतं, सांग ना."

आर्डिसचा आवाज फाटला. कोरीन थांबली नाही. "हे आधी बोलायचं होतं, आर्डिस. फोन काढायच्या आधी."

खोलीत पोचली तेव्हा तिचे कान बधिर झाले होते. "उशीर झाला," हार्लन म्हणाला. तिनं घडलेलं सगळं सांगितलं. कुणीतरी सासूला शिवी घातली.

"सासूचं सोडा," हार्लन म्हणाला. "तू आत का गेली नाहीस?"

कोरीननं विचार केला. "तिला जिंकू द्यायचं नव्हतं."

"चांगलं कारण नाही. आजच्यापुरतं चालेल."

त्यानंतर तिला न्यायला आणायला हार्लन यायला लागला. कोर्टात आर्डिसनं फोटो दाखवला. न्यायाधीशबाईंनी तिलाच विचारलं की बारपर्यंत गाडी कुणी चालवली. आर्डिसनं खोटं सांगितलं नाही. टिली आईला मिळाली.

बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यात आर्डिसनं नातीच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वर न बघता म्हणाली, "तू घसरशील. मी इथंच आहे."

"रविवारी भेटायला या तिला," कोरीन म्हणाली.

पहिल्या रविवारी आर्डिस आली नाही. दुसऱ्या रविवारी बाहेर हॉर्न वाजला. आर्डिस गाडीतून उतरली नाही, आणि कोरीननंही आत या म्हटलं नाही. जेवायच्या वेळेपर्यंत पोरीला परत आणायचं, एवढंच बोलणं झालं. आर्डिसनं वेळेत आणून सोडली.