झुंजणारं रक्त

भीमसेन कांबळेनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्याच्या आत्याच्या, पारूआत्तीच्या, रेशीम अळीच्या रक्तात चकचकीत, लंबगोल दाणे गच्च भरले होते. पेब्रिन! या रोगाचा परजीवी घुसला की सगळ्या अळ्या जाळायच्या, दुसरा इलाज नव्हता.

चौऱ्याऐंशी साल. भीमसेन बेळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. लागण झालेल्या किड्याच्या रक्तात परजीवीशी झुंजणारं प्रथिन तयार होत असावं, असा त्याचा कयास होता. आत्तीच्या अळ्या मरगळल्याचं कळताच तो मायक्रोस्कोप घेऊन तिच्या गावी, काकतीला धावला होता.

दारात शेजारचा भरमा रॉकेलचा डबा घेऊन उभा.

"सर, एक बी ठेवू नगा. भिंतीपल्याड माझ्या अळ्या कोषावर आल्यात."

तेवढ्यात भीमसेनची नजर कोपऱ्यातल्या ट्रेवर गेली. काळ्या ठिपक्यांनी माखलेल्या अळ्यांत मूठभर अळ्या खुशाल तुतीचा पाला कुरतडत होत्या. त्यानं एकीचं रक्त तपासलं. दाणे नावालाच! हेच तर तो इतकी वर्षं शोधत होता.

"एवढ्या जिवंत नेतो."

"आन् वाटंत त्यांची घाण सांडली तर?" भरमाचा आवाज चढला. "माझं वाटोळं व्हायचं!"

भीमसेननं आत्तीकडं पाहिलं. तिचं तर सगळंच जळणार होतं.

"तुझं नाव व्हावं असं मला बी वाटतं रं," ती म्हणाली, "पर भरमाला बुडवून न्हाय."

भीमसेन खाली बसला. एकेका अळीला सुई टोचून पिवळसर थेंब नळीत घेऊ लागला. हवा लागली की हे रक्त काळं पडून निकामी होतं, हे त्याला ठाऊक होतं. रक्त काढलेली अळी भरमा लगेच आगीत टाकत होता. आत्ती पदर तोंडाला लावून बघत राहिली.

बर्फात ठेवूनही बसमध्ये एकेक नळी काळी पडत गेली. कॉलेजात पोचेतो एकच पिवळी उरली.

त्यातले दाणे वेगळे काढून त्यानं ते रक्त निरोगी अळ्यांना टोचलं, मग त्यांना रोगाचे दाणे खाऊ घातले. रक्त न टोचलेल्या अळ्या ठिपके येऊन मेल्या. टोचलेल्या बहुतेक जगल्या, कोषात गेल्या. भीमसेन एकटाच प्रयोगशाळेत मोठ्यानं हसला. पण पुन्हा करून दाखवायला थेंबभरही रक्त उरलं नव्हतं, आणि एका प्रयोगावर कोण विश्वास ठेवणार?

भरमाच्या अळ्या वाचल्या. आत्तीनं घर चुन्यानं धुऊन नवी अंडी आणली, आणि भीमसेन दर रविवारी मायक्रोस्कोप घेऊन काकतीला अळ्यांचं रक्त तपासायला जाऊ लागला.