थकलेलं पोलाद

विमानाचा डावा पाय, म्हणजे चाकं धरणारा पोलादी खांब, विमानतळाशेजारच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याला अजून जळक्या रबराचा वास येत होता. धावपट्टीला टेकताच तो मोडला होता, विमान घसरत जाऊन पेटलं होतं आणि मागच्या रांगांतली माणसं बाहेर येऊ शकली नव्हती. त्यांत ताईच्या धाकट्या बहिणीची, धाकटीची, मैत्रीण होती. दोघी एकाच कंपनीत हवाईसुंदरी. म्हणूनच हे काम ताईनं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या धातुतज्ज्ञ बाईंनी, दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिलं नाही.

कारण सापडायला वेळ लागला नाही. दुरुस्तीच्या वेळी गंज काढताना कुणीतरी ग्राइंडर जरा जास्त दाबला होता, ओरखडा राहिला होता आणि त्यावर रंग फासून मंडळी मोकळी झाली होती. त्या ओरखड्यातून भेग निघाली आणि दर उतरण्यागणिक केसभर पुढे सरकत राहिली. तिच्या वाटचालीच्या रेषा शिंपल्यावरच्या रेषांसारख्या स्वच्छ दिसत होत्या. माणूस थकला की निदान कुरकुरतो. पोलाद मुकाट्यानं सोसतं आणि एके दिवशी मान टाकतं.

मुख्य भेगेशेजारी आणखी एक बारीक भेग होती, अर्ध्यातच थांबलेली. ताईनं तिच्या टोकाशी सुईनं खूण केली. सकाळी येऊन पाहिलं तर भेग खुणेच्या पुढे गेली होती.

आपलीच नजर चुकली असेल म्हणून तिनं नवी खूण केली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. टेबलावर नुसत्या पडून असलेल्या, पायातून कापलेल्या तुकड्यावर भार तो कसला येणार? दुपारी एक विमान छपरावरून खाली गेलं, चाकं टेकल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी, तिच्या डोळ्यांदेखत, भेग सरकली.

त्यानंतर कितीतरी विमानं उतरली. भेग हलली नाही. ती हलायची ती एकच विमान उतरताना. मोडलेल्याचं ते जुळं होतं, त्याच कारखान्यात पाय दुरुस्त करून आणलेलं. धाकटी त्याच विमानावर होती.

यातलं ताईनं प्रयोगशाळेच्या साहेबांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "साहेब, जुळ्याचा पाय उघडून बघायला हवा."

"सुक्याबरोबर ओलंही जाळायचं का, बाई?"

"दोन्ही पाय एकाच हातांनी घासलेत."

साहेबांनी कुरकुरत परवानगी आणली. हँगरमध्ये ताईनं स्वतः रंग खरवडला, भेगेत शिरणारं लाल औषध लावलं, पुसलं, दिव्याखाली बोटाबोटानं पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. पोलाद लहान मुलाच्या गालासारखं नितळ होतं.

धाकटी गणवेशात मागे उभी होती. "झालं समाधान? आता तरी दोन घास नीट खाशील ना?"

"तू रजा टाक."

"कशासाठी? काही सापडलं का तुला?"

ताईनं दिवा पुन्हा पायाजवळ नेला.

"मी नाही गेले तर माझ्या जागी दुसरी कुणी जाईलच ना, ताई." तिनं ताईच्या गालाला लागलेला लाल डाग रुमालानं पुसला आणि ती गेली.

धाकटीचं विमान निघालं तेव्हा ताई प्रयोगशाळेच्या खिडकीत होती. चाकं धावपट्टीवरून उचलली गेली, दुमडली, पोटात गेली, झडपा मिटल्या. तिला बरं वाटायला हवं होतं. आपणच तपासलं होतं, आपल्याच हातांनी. उगीच राईचा पर्वत केला, असं स्वतःला बजावत ती टेबलाशी आली आणि तुकडा खोक्यात भरण्याआधी शेवटचं म्हणून सूक्ष्मदर्शकात वाकली.

बराच वेळ ती वाकूनच राहिली. मग तुकडा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा. मुख्य भेग होती तशीच होती. सुईच्या खुणा ओळीनं जागच्या जागी होत्या. त्यांच्यामधून जाणारी बारीक भेग मात्र नव्हती. तिथलं पोलाद नितळ, अखंड होतं.

साहेब दारात थबकले. "काय झालं?"

"इथली भेग..." तिची नजर खिडकीकडे वळली. "भेग गेली, साहेब."

"मग चांगलंच की," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आकाशात एवढासा ठिपका उरला होता.