बाकावरचे नवे गडी

बसा मित्रांनो, उभे का? मी एक जुना लाकडी बाक आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, मैदानाच्या रेषेला लागून माझी जागा आहे. आल्यागेल्याला बसवून घेणं हे माझं काम, आणि बसलेल्यांचं बोलणं ऐकणं हा माझा छंद.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. तिथलं एक जुनं टेबल मोडीत निघालं, तेव्हा कॉलेजच्या सुतारमामांनी त्याच्या फळ्या वेगळ्या काढून मला घडवलं. ॲसिडचे डाग त्यांनी रंधा मारून घालवले, तरी एक राहिलाच. माझ्या कडा गोल करताना मामा पुटपुटत होते, "पोरं घामानं भिजलेली येणार, उघड्या मांड्यांनी बसणार. कुसळ टोचता कामा नये." आजवर कुणाला टोचलेलं नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

हॉलमध्ये आलो तेव्हा माझा काय थाट होता! खेळाडू माझ्यावर टॉवेल टाकायचे, बुटांच्या नाड्या बांधायचे, सामना रंगला की मुठींनी मला बडवायचे. एका वर्षी संघानं मोठा चषक जिंकला. तेव्हाच्या कप्तानानं तो आधी माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "हा बाक आमचा सहावा गडी!" त्या शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मग प्लॅस्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या. नव्याची नवलाई! माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथं मला सोबत होती ओल्या फरशीपुसण्यांची आणि फुटक्या बादल्यांची. एका मांजरीनं माझ्याखाली पिल्लं घातली, तेवढाच काय तो विरंगुळा. वरच्या हॉलमधून चेंडू आपटल्याचा आवाज यायचा आणि माझे चारही पाय शिवशिवायचे.

माझं नशीब पालटलं ते नव्या पोरांमुळे. संघातले बहुतेक गडी पदवी घेऊन बाहेर पडले होते. उरले होते कप्तान आणि त्याचे तीन सोबती. चौघांत काही बास्केटबॉल होत नाही, म्हणून सरांनी नवी भरती केली. पोरं जमली, पण खुर्च्यांचे पाय एव्हाना तडकले होते. सर म्हणाले, "जिन्याखाली एक बाक आहे, तो आणा रे कुणीतरी."

दोघं धावत आले. एकानं माझं एक टोक उचललं, दुसऱ्यानं दुसरं, आणि मी भलताच तिरपा झालो. एक होता ताडमाड उंच, दुसरा त्याच्या खांद्याखाली. माझ्यावरची धूळ घसरत घसरत बुटक्याच्या डोक्यावर आली.

"अरे लंबू, वाक की जरा!" तो शिंकत ओरडला.

"वाकलोय रे! याच्याखाली नाही वाकता येत मला."

तेव्हापासून त्याचं नाव लंबूच पडलं. तो जन्मात कधी बास्केटबॉल खेळला नव्हता. पण त्याची उंची बघून जो तो विचारायचा, "काय रे, बास्केटबॉल खेळतोस का?" नाही म्हणून म्हणून तो कंटाळला होता. एकदा तरी हो म्हणता यावं, म्हणून तो संघात आला होता.

दुसरा होता कप्तानाचा सख्खा भाऊ. त्याला सगळे धाकटा म्हणायचे. पायांत वारं भरलेलं. चेंडू हातात आला की समोरच्याला पत्ता लागू न देता तो बगलेखालून निसटायचा. सर खूश झाले. ते कप्तानाला म्हणाले, "तुझा भाऊ तयार दिसतो. पहिल्या पाचांत घेऊ या का?"

कप्तान माझ्या शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. आधी तो खुलला, मग एकदम आवळला गेला. "नको सर," तो म्हणाला. "अजून कच्चा आहे तो. बसू दे बाकावर."

धाकट्यानं ते ऐकलं. तो गुपचूप येऊन माझ्यावर बसला.

कप्तान वाईट नव्हता, मित्रांनो. पण 'भाऊ म्हणून घेतला' असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं त्याचा तोल दुसऱ्या बाजूला गेला होता. दुसऱ्याचा पास चुकला की तो म्हणायचा, "असू दे." धाकट्याचा चुकला की साऱ्या हॉलसमोर त्याची हजेरी घ्यायचा. सामने झाले, पण धाकटा बाकावरच राहिला. घरी दोघं एका खोलीत झोपायचे, पण बोलणं खुंटलं होतं.

लंबूही बाकावरच असायचा, पण त्याला त्याचं काही वाटायचं नाही. चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटायचा, आणि चेंडू नाकावर बसायचा. सराव संपला की धाकटा त्याला थांबवून घ्यायचा. "हातांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ," असं म्हणत जवळून, सावकाश चेंडू टाकायचा. मग हळूहळू लांबून. पहिल्यांदा चेंडू हातात बसला तेव्हा लंबू तो परत टाकायलाच विसरला. पोटाशी धरून हसत उभा राहिला.

एका संध्याकाळी कप्तान धाकट्याला फारच टाकून बोलला. सगळे गेल्यावर धाकटा माझ्यावर बसला, बूट काढले आणि त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या.

"उद्यापासून मी येत नाही," तो म्हणाला. "दादाला मी नकोच आहे इथं."

लंबू त्याच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्या दादाचं मला माहीत नाही. पण बाकीचे टाकतात तो चेंडू मला लागतो. तू टाकतोस तो मला मिळतो. तू गेलास तर मी काय करू?"

धाकट्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले आणि त्यानं नाड्यांची गाठ सोडली. मला तर इतकं हायसं वाटलं की माझा एक खिळा कुरकुरला.

मग आला मोसमातला शेवटचा सामना. समोर शेजारच्या कॉलेजचा संघ, मोठा दांडगा. आमचे गडी मागे पडले. ती पिछाडी भरून काढायला कप्तान एकटाच लढत होता. सगळीकडे तोच. अखेरच्या सत्रात त्याचा धक्का एका खेळाडूला लागला आणि पंचांची शिटी वाजली. त्याचा पाचवा फाउल. पाच झाले की खेळाडू बाद.

कप्तान आला आणि माझ्यावर बसला. मित्रांनो, अख्ख्या मोसमात तो सामन्याच्या मध्ये कधीच बाकावर बसला नव्हता. त्याला बसताच येईना. पाय हलत होते, हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. शेजारी धाकटा होता, रोजच्यासारखा.

"तू हे... प्रत्येक सामन्याला?" कप्तानानं विचारलं.

"सवय होत नाही," धाकटा एवढंच म्हणाला.

सर वाकले. "कप्तान, बोल लवकर. कुणाला पाठवू?"

"धाकट्याला. आणि लंबूला पण, सर. दोघं एकत्र चांगले खेळतात."

"कच्चा आहे म्हणाला होतास ना?"

"खोटं बोललो, सर." कप्तानाची मान खाली गेली होती. "लोक काय म्हणतील, याला भ्यालो."

सरांनी एक बदली केली, लगेच दुसरीही केली. दोघं आत गेले. मग काय सांगू! धाकटा दांडगोबांच्या मधून सुईत दोरा ओवावा तसा घुसू लागला. तिघं त्याच्यावर धावून आले की चेंडू उंच जायचा, आणि वर लंबूचे हात तयार असायचे. त्यानं एकदा बास्केट केली, पुन्हा एकदा केली. इकडं कप्तान मला मुठींनी असा बडवत होता की मामांची कारागिरी म्हणूनच मी टिकलो. अगदी शेवटी लंबूभोवती गर्दी झाली. धाकट्याला जागा मोकळी सापडली आणि त्यानं स्वतःच चेंडू टाकला. कडीवर तो जरा घुटमळला आणि आत पडला. आम्ही एका गुणानं जिंकलो!

पोरांनी लंबूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि सगळेच कोसळले. धाकटा लंगडत माझ्याकडे आला. त्याच्या पोटरीत गोळा आला होता. कप्तान गुडघ्यावर बसला आणि धाकट्याचा बूट काढून पोटरी चोळू लागला.

"चुकलो रे मी," तो हळूच म्हणाला. "आईला सांगू नकोस एवढं."

"आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तिनंच मला सांगितलं, 'तो घाबरट आहे, थोडा वेळ दे त्याला.'"

दोघं इतके हसले की सरांनी लांबून वळून पाहिलं.

आता माझं बरं चाललं आहे. दर आठवड्याला कुणीतरी मला पुसतं. सरांनी माझे सैल झालेले खिळे बदलून घेतले. नवी पोरं येतात, आधी माझ्यावर बसतात, मग आत जातात. ज्याची पाळी येत नाही, त्याच्या शेजारी हल्ली कप्तान येऊन बसतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात असा एखादा जुना बाक असेल, तर त्याला जिन्याखाली टाकू नका. अधूनमधून पुसा, खिळे घट्ट करा. आणि त्यावर पाळीची वाट बघत कुणी बसलं असेल, तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. तो नुसता बसलेला दिसतो. मी त्याला खालून जवळून ओळखतो. मनानं तो केव्हाचा उभा असतो.