नव्या नकाशात न आलेल्या रेघा

मी नकाशाची एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. कागदाची नव्हे, संगणकातली. रस्ते, नाले, घरं यांची माहिती दुसऱ्या फायलींत असायची. ती कशी मांडायची, कुठला रंग द्यायचा, हे माझ्यापाशी असे.

मला घडवलं नगरपालिकेतल्या मॅडमनी. शहरामागची टेकडी त्यांनी पायी पालथी घातली होती. उतारावर एके ठिकाणी जमीन भेगाळलेली दिसली, तेव्हा त्यांनी माझ्या अंगावर हातानंच लाल तिरक्या रेघा ओढल्या. इथे घर बांधू नये, असा त्यांचा अर्थ. ती खूण दुसऱ्या कुठल्याच फायलीत नव्हती. बांधकामाची परवानगी देणारे साहेब आधी मला उघडायचे, मगच सही करायचे. तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. मला उघडणारं महागडं सॉफ्टवेअर गेलं आणि कुणालाही मोफत वापरता येणारं आलं. ते चांगलंच होतं. मॅडमच्या जागी आलेल्या नकाशाकारानं माझ्यावरून त्यात चालेल अशी नवी फाईल बनवली. रस्ते आले, नाले आले, घरं आली. हातानं काढलेल्या रेघा येणार नाहीत, अशी सूचना पडद्यावर झळकली. पण सूचनांच्या गर्दीत ती त्याच्या नजरेतून निसटली.

"चला, सगळं आलं," तो म्हणाला. मला वाचा नव्हती.

काही महिन्यांनी त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "अरे, टेकडीवर प्लॉट घेतोय आम्ही. काही भानगड नाही ना, बघ जरा."

त्यानं नवा नकाशा नीट निरखून पाहिला. "बिनधास्त घे, ताई."

घर झालं. पुढच्या पावसात उतार खाली आला. भाऊजी कामावर गेले होते म्हणून वाचले. ताई घरातच होती.

मग त्यानं ते जुनं सॉफ्टवेअर असलेला एक संगणक कुठूनसा मिळवला, मला उघडलं आणि मॅडमना बोलावून घेतलं.

"मॅडम, जाताना एका शब्दानं तरी सांगायचंत."

"मला वाटलं, फाईलमध्ये आहेच की रे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. मित्रांनो, जुनं काम नव्या जागी हलवाल, तेव्हा काय आलं ते पाहून हात झटकू नका. ज्यांनी ते केलं, त्यांच्या घरी जा आणि काय राहिलं ते विचारा. तो नकाशाकार आता दर वेळी विचारतो. त्याच्या ताईला त्याचा काही उपयोग नाही.