कंट्रोल तुमचा

दुसऱ्यांच्या दाढा उपटताना माझा हात कधी कापला नाही. पण विमान उतरताना जमीन पन्नास फुटांवर आली की मला दरदरून घाम फुटायचा. मग मी शेजारी बसून विमान चालवायला शिकवणाऱ्या सरांना म्हणायचे, "कंट्रोल तुमचा." सर म्हणायचे, "कंट्रोल माझा," आणि मी हँडल सोडायचे. विमानातला हा नियमच आहे. एकाने बोलून द्यायचं, दुसऱ्याने बोलून घ्यायचं. नाहीतर दोघांनाही वाटतं, विमान दुसराच चालवतोय.

असं दीड वर्ष चाललं. घरी धाकटा दीर विचारायचा, "काय वहिनी, उतरलात का एकदाच्या, की अजून वरच?" त्याची एक दाढ किडली होती. मी वाट बघत होते.

त्या सकाळी एक फेरी झाल्यावर सर विमानातून खाली उतरले आणि त्यांनी आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून लावला.

"डॉक्टर, हात तुमचा तयार आहे, मी शेजारी असतो म्हणून सोडता. आता एकट्या जाऊन या. आजही नाही जमलं, तर लायसन्ससाठी तुमचं नाव मी पाठवणार नाही. राग मानू नका."

राग आलाच. रागाच्या भरात वर गेले, झोकात वळले, धावपट्टी समोर आली. पन्नास फूट. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कंट्रोल तुमचा."

स्वतःचीच लाज वाटली. पण तेवढ्यात हँडल माझ्या हातात घट्ट झालं. सर घ्यायचे तेव्हा व्हायचं, अगदी तसंच. पायाखालचे पेडल आपोआप हलले. मी घाबरून हात काढून घेतले. माझं हँडल आणि रिकाम्या सीटसमोरचं हँडल, दोन्ही बरोबरीने सावकाश मागे आली. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. इतकं सुरेख सरांनाही कधी जमलं नव्हतं.

सर धावतच आले. "काय उतरवलंत, डॉक्टर! मानलं तुम्हाला!"

सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, विमानाच्या पंखावर कागद ठेवून सहीसुद्धा केली. मी "थँक यू, सर" म्हणाले. संध्याकाळी दिराने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा शेजारी होते. ऊन लख्ख होतं, दोन हजार फुटांवर सगळं शांत. तिथवर विमान मीच आणलं, असं मला वाटत होतं. त्यांना एक वळण दाखवायचं होतं.

"कंट्रोल माझा," ते म्हणाले.

"कंट्रोल तुमचा."

"सोडा ना, डॉक्टर."

"सोडलाय, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात मांडीवर होते. त्यांनी हँडल ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "जाम झालंय," ते म्हणाले आणि त्यांनी हात काढले. त्याबरोबर हँडल अलगद डावीकडे फिरलं. विमान डावीकडे वळू लागलं.

सरांनी फिरलेल्या हँडलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, "काल काय झालं?"

मी सगळं सांगून टाकलं. लायसन्स गेलं तर जाऊ दे, असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"म्हणजे तुम्ही कंट्रोल दिलात. मग परत घेतलात का?"

"नाही." आनंदाच्या भरात ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग आता घ्या."

"कंट्रोल माझा," मी म्हणाले. मग ओरडून म्हणाले. मग रडत रडत, प्लीज म्हणून. जन्मात कोणापुढे मी अशी गयावया केली नव्हती. सरांनी हाताने खूण करून मला गप्प केलं आणि आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहिलो. इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. विमान सफाईने वळत होतं, आणि धावपट्टी आमच्या मागे लहान लहान होत गेली.