खालच्या बारीक अक्षरांतलं नाव

मी शुगरच्या गोळ्यांची पट्टी बोलतेय. पट्टी कसली, उरलेली अर्धी.

कुवेतहून शाहिदने मला आणलं. खजूर, अत्तर, साबण आणि मी, एकाच बॅगेत. कोलाडजवळच्या घरी बॅग उघडली तेव्हा त्याच्या अम्मीने, अमीनाने, मला छातीशी धरलं. "माज्या पोरानं आनलेली दवा हाय," ती शेजारणींना सांगायची. मीही फुगले. चकचकीत अंग, आणि वर कंपनीने ठेवलेलं ऐटबाज नाव!

गल्फहून आलेलं काही घरात एकट्याने वापरायचं नाही, अशी त्या घरची रीत. साबण वाटले, खजूर वाटले, मग कात्री घेऊन मलाही मधोमध कापलं. अर्धी मी पेणला रामवाडीत, अमीनाच्या बहिणीकडे, हाजराखालाकडे गेले. तिलाही शुगर आहे. उरलेली अर्धी अमीनाच्या बिस्किटांच्या डब्यात पडले.

डब्यात आधीच एक पट्टी होती, वरसे गावच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. तिचं नाव वेगळं, रंग वेगळा. पण तिची पाठ दिसली आणि माझ्या काळजात धस्स झालं. खाली बारीक अक्षरांत तिच्याही अंगावर तेच होतं, जे माझ्या: ग्लिमेपिराइड. कंपन्या बारशाला हवं ते नाव ठेवोत, औषधाचं हे मूळ नाव जगात कुठेही गेलं तरी एकच असावं, असं जाणत्यांनी ठरवून दिलंय. आम्ही दोघी एकच औषध होतो. पण ओरडणार कशा?

अमीना दोन्ही घ्यायची. "डाक्तरची सोडली तं तो रागावल, पोराची सोडली तं पोर हिरमुसल." भोळी माया, दुसरं काय!

एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सून सुमय्या घाबरली. "अम्मी, शुगर वाढली असल. आनखी एक घ्या." चहासुद्धा तिने बिनसाखरेचा दिला. ती जादाची गोळी माझीच होती. मला तेव्हा मरण यावंसं वाटलं.

शाहिदने तिला रोह्याच्या दवाखान्यात नेलं, तोवर शुद्ध हरपली होती. "साखर पार तळाला गेलीय," म्हणत डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं सलाइन लावलं. मग त्याने सोबत आणलेल्या दोन्ही पट्ट्या उलटून पाहिल्या.

"अहो, हे एकच औषध आहे. दुप्पट घेत होत्या त्या."

"पन नाव तं वेगलं हाय ना?" शाहिदने विचारलं.

बाईंनी खालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. शाहिदने दोन्ही पट्ट्यांवरचं ते नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी अमीना गेली.

घरी येऊन त्याने कुणाला काही सांगितलं नाही. आपल्याच हाताने आणलेलं औषध, कुठल्या तोंडाने सांगणार? मला त्याची कीव येते, आणि रागही येतो.

आज घर माणसांनी भरलंय. हाजराखाला पेणहून आलीय. रडून रडून दमलीय, पोटात अन्नाचा कण नाही. आत्ताच म्हणाली, "सुमय्या, गरगरतंय गो. हात बी कापतान."

"शुगर वाढली असल, खाला. गोळी हाय ना?"

"हाय ना. एक आमच्या डाक्तरची, एक शाहिदची."

तिने पिशवी उघडलीय. माझं दुसरं अर्धं अंग तिच्या हातात आहे, आणि सोबतच्या पट्टीच्या पाठीवरही तेच बारीक नाव. सुमय्या पाणी आणायला उठलीय.

शाहिद दारातच उभा आहे. बोल रे पोरा, बोल. या घरात खालचं नाव वाचलेला तू एकटाच आहेस.